सौंदर्यशास्त्र म्हणजे नेमकं काय? 'एस्थेटिक' कुठे कसं वापरावं?

सदाशिवपेठी
'एस्थेटिक कॅफे', 'एस्थेटिक क्लिनिक' आणि तत्त्वज्ञानातला 'एस्थेटिक्स'चा पेपर, या तिन्हींना 'सौंदर्यशास्त्र' हा एकच शब्द पुरेल का? नुसतं 'सौंदर्यशास्त्र' म्हटलं की ऐकणाऱ्याला पार्लरचा कोर्स वाटतो.

डेक्कनकर
पुरणार नाही. कॅफे 'देखणा' असतो, फार तर 'नीटस सजवलेला'. क्लिनिकमध्ये 'सौंदर्योपचार' होतात. ज्ञानशाखेला 'सौंदर्यशास्त्र' किंवा 'सौंदर्यमीमांसा'. 'सौंदर्यतज्ज्ञ' हा शब्द पार्लरवाल्यांनी कधीच पटकावला, तेव्हा अभ्यासकाला 'सौंदर्यमीमांसक' म्हटलेलं बरं.

घोळाचं मूळ जुनं आहे. ग्रीक 'आइस्थेसिस' म्हणजे इंद्रियसंवेदन. सुंदर-कुरूपाशी त्याचा थेट संबंध नाही. 'ॲनेस्थेशिया'तही तोच धातू आहे, म्हणजे संवेदना हरपणं. बाउमगार्टेन या जर्मन तत्त्वज्ञाने १७३५ मध्ये या ज्ञानशाखेला नाव दिलं आणि १७५० मध्ये 'एस्थेटिका'चा पहिला भाग काढला. तर्कशास्त्र बुद्धीच्या ज्ञानाचं, तसं हे इंद्रियांच्या ज्ञानाचं शास्त्र, अशी त्याची मांडणी. इंद्रियज्ञानाची पूर्णता म्हणजे सौंदर्य, असं त्याने म्हटलं आणि तिथून विषय सौंदर्याकडे झुकला.

भाषांतर करणाऱ्यांनी कांट या जर्मन तत्त्वज्ञापाशी विशेष सांभाळावं. त्याच्या १७८१ च्या ग्रंथातलं 'एस्थेटिक' हे प्रकरण अवकाश आणि काल यांच्याविषयी आहे. तिथे 'सौंदर्यशास्त्र' लिहिलंत की वाचक पानभर सौंदर्य शोधत बसतो. तिथे 'संवेदनमीमांसा'सारखा शब्द हवा. १७९० च्या ग्रंथात मात्र तो खरोखरच सौंदर्याबद्दल बोलतो.

कसबा१८०७
विशेषणांत जास्त चुका होतात. 'सौंदर्यशास्त्रीय' म्हणजे शास्त्रासंबंधी: सौंदर्यशास्त्रीय वाद, सिद्धांत, परिभाषा. अनुभव सौंदर्यशास्त्रीय नसतो, तो 'सौंदर्यानुभव'. इमारत तर नाहीच नाही. 'सौंदर्यता' हा शब्दच चूक. 'सौंदर्य' हे आधीच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा 'ता' कशाला?

पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग घ्या. (१) 'हे सुरूच्या आकाराचे खांब लाकडी आहेत' हे साधं वर्णन. खांबाला हात लावून तपासता येतं. (२) 'हे खांब डौलदार आहेत' हे सौंदर्यवाचक विधान. (३) 'डौल खांबात असतो की बघणाऱ्याच्या नजरेत?' इथे सौंदर्यशास्त्र सुरू होतं. गफलत होते ती पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये. खांब तळाशी फुगीर, वर निमुळता होत गेलेला, अंगावर नक्षी, एवढं सांगितलं म्हणून 'म्हणजे डौलदार असणारच' हा निष्कर्ष निघत नाही. तेच वर्णन एखाद्या बेढब नकलेलाही लागू पडेल. डौल दिसावा लागतो, वर्णनावरून काढता येत नाही. फ्रँक सिब्ली या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला.

शिवाय रसिक माणूस 'सुंदर' हा शब्द फार वापरतही नाही. रेखीव, सुबक, ठसठशीत, भडक, बोजड, बेंगरूळ: खरं सौंदर्यवाचक काम हे शब्द करतात. सवाई गंधर्व महोत्सवातली दाद ऐका. 'सुंदर गायले' ही पाहुण्याची दाद. जाणकार म्हणतो 'ती जागा काय घेतली!'

औंध_वाचक
'ज्याची त्याची आवड' म्हटलं की हा सगळा वाद मिटत नाही का?

डेक्कनकर
नाही. 'मला मिसळ तिखटच आवडते' यावर भांडण संपतं, कारण तुम्ही फक्त स्वतःबद्दल बोलत असता. 'पाताळेश्वर लेण्यातला नंदीमंडप सुंदर आहे' म्हणता तेव्हा समोरच्यानेही मान डोलवावी अशी अपेक्षा असते. पटलं नाही तर तुम्ही त्याला तो गोल मंडप, ते जाडजूड चौकोनी खांब पुन्हा नीट बघायला लावता. पुरावा देता येत नाही, तरी अपेक्षा सोडवत नाही. कांटचा सगळा खटाटोप हे कसं शक्य आहे ते सांगण्यासाठी आहे.

त्याची एक अट इथे नेहमी चुकीची समजली जाते. सौंदर्याचा आनंद 'हितसंबंधरहित' असतो, याचा अर्थ बघणाऱ्याला रस नसतो असा नाही. वाड्याकडे बघून मनात एफएसआय मोजणारा बिल्डर आणि तोच वाडा नुसता बघत उभा राहिलेला माणूस, दोघांनाही रस आहे. दुसऱ्याला वाडा मिळवायचा नाही, एवढाच फरक.

रसगंगा
'सौंदर्य' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. नाट्यशास्त्रकार भरताच्या आठ रसांत बीभत्सही आहे, त्याचा स्थायीभाव (मुळातली भावना) जुगुप्सा, म्हणजे किळस. रंगमंचावरच्या बीभत्साला 'सुंदर' म्हणणं ही ओढाताण झाली. आपल्याकडचा प्रश्न 'वस्तू सुंदर का?' हा कमी आणि 'आस्वाद कसा घडतो?' हा जास्त होता. म्हणून नाट्य-काव्याबद्दल लिहिताना 'रसचर्चा' किंवा 'आस्वादमीमांसा' जास्त चपखल.

कसबा१८०७
अर्धं मान्य. पण परंपरेत सौंदर्य शब्द नव्हताच असं नव्हे. वामन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'सौन्दर्यमलङ्कारः' (सौंदर्य म्हणजेच अलंकार) असं सूत्रच लिहिलं आहे. उलट बाजूने, सूर्यास्त किंवा पैठणीचा काठ यांना 'रस' लावून बघा, तिथे तुमचीही ओढाताण होईल. कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांचं लयतत्त्व (संवाद, विरोध, समतोल) काठाला सहज लागतं: मोरांची ओळ हा संवाद, काठ आणि अंगाचा रंग हा विरोध. कादंबरीला मात्र ते तोकडं पडतं, असं माझं मत. एकाच तत्त्वाने सगळ्या कला उलगडतील हा हट्टच सोडावा. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) लौकिकतावादी (कलेला रोजच्या जीवनाशी जोडणारा) आणि अलौकिकतावादी (कलेला त्याहून वेगळी मानणारा) असे दोन ध्रुव मानले आहेत, ते मला जास्त पटतं.

सदाशिवपेठी
आभार. शेवटची शंका: पुलाखालच्या भिंती रंगवल्या की फलकावर 'सौंदर्यीकरण' लिहितात, ते?

डेक्कनकर
'सुशोभीकरण' लिहावं, 'भी' दीर्घ. सुशोभित झालेली भिंत सुंदर झाली की भडक, ते ज्याने त्याने सिग्नलला थांबल्यावर ठरवावं.