मदत हवी आहे : मुलांना दाखवायला जुने कुंगफू विनोदपट सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. सोसायटीतल्या कराटे शिकणाऱ्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत हाँगकाँगचे कमी खर्चातले जुने कुंगफू विनोदपट दाखवायचे आहेत. जाणकारांनी नावं सुचवावीत.

या सिनेमांवर माझं मनापासून प्रेम आहे. पैसा नाही, भव्य सेट नाही, मग सगळी भिस्त नटाच्या अंगावर. १९७८ च्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये जॅकी चॅन उलटा लटकून खालच्या बादलीतलं पाणी इवल्याशा कपांनी वरच्या बादलीत भरतो. हसूही येतं आणि पोटाच्या स्नायूंवर काय ताण येत असेल तेही दिसतं! जॅकी लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या (गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेलं चिनी पारंपरिक नाट्य) शाळेत घडलेला, म्हणून कॅमेरा न हलवताही मारामारी रंगते.

पण दोषही आहेतच. कथा मध्येच रेंगाळते, विनोद कधी कधी फार पाचकळ होतो, दिसण्यावरून केलेली टिंगल मुलांपुढे नको वाटते. 'ड्रंकन मास्टर'मध्ये दारू पिऊन लढण्याची गंमत आहे, ती दहा-बारा वर्षांच्या मुलांना दाखवावी का?

दुसरी अडचण प्रतीची. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेली चौकट जुन्या टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापलेली असते, त्यामुळे लाथ दिसते पण ती खाणारा दिसत नाही. पूर्ण चौकटीची, शक्यतो हिंदी डबिंगची अधिकृत प्रत कुठे मिळेल? हिंदी नसेल तर सबटायटलवर मुलं टिकतात का, अनुभव असेल तर जरूर लिहा.