वडिलांचे बद्धकोष्ठ आणि रोजचे रेचक चूर्ण: सल्ला हवा आहे

मुक्ता_क

माझे वडील ६७ वर्षांचे असून कराडला राहतात. सकाळी चहा झाला की पोट साफ होणे हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता. गेल्या काही महिन्यांपासून मात्र दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, झाले तरी खडा होतो, कुंथावे लागते आणि नंतरही पोट पूर्ण मोकळे झाल्यासारखे वाटत नाही, असे ते सांगतात. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सोनामुखी असलेले चूर्ण आणले आणि आता ते रोज रात्री घेतात.

त्यांना रक्तदाबासाठी अमलोडिपीनची गोळी आहे. थकवा येतो म्हणून रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ आले आणि तेव्हापासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. गुडघे दुखतात म्हणून घरात कमोड बसवला आहे. शौचाच्या वेळी कधीतरी रक्त दिसते, पण मूळव्याध जुनी असल्यामुळे ते त्याकडे लक्ष देत नाहीत. रोजच्या चूर्णाची आतड्यांना सवय लागते का, त्याऐवजी इसबगोल दिलेले चांगले का, आणि मोठ्या डॉक्टरांकडे न्यावे इतके हे गंभीर आहे का, हे कृपया सांगावे.

वनमाला

सासूबाईंची देखभाल करताना जे उपयोगी पडले ते सांगते. इसबगोल देण्यास हरकत नाही, पण ते पाणी शोषून फुगते आणि त्यामुळेच मल मऊ होतो, म्हणून पेलाभर पाण्याशिवाय ते कधीच देऊ नये. कमी पाण्यात घेतल्यास ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. सुरुवात एका चमच्याने करावी, कारण एकदम जास्त घेतल्यास पोट फुगते. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.

कमोडचा मुद्दा लहान वाटतो, पण तो तसा नाही. उकिडवे बसल्यावर गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि मल सुटायला सोपे जाते. कमोडवर तो कोन पुरेसा उलगडत नाही. गुडघ्यांना झेपेल अशा उंचीचा पाट पायाखाली ठेवून थोडे पुढे वाकून बसायला सांगा. शिवाय जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून न्याहारीनंतर जाऊन बसण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि कळ आली असता ती दाबू नये.

शल्यविशारद

मी शस्त्रक्रिया विभागात काम करतो. वरचा सल्ला योग्य आहे. सोनामुखी आतड्याच्या भिंतीला उत्तेजन देते. गरजेपुरती घेण्यास ती वाईट नाही, पण जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास जुलाब होऊन शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. रोजच औषध लागत असेल, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज हे मलात पाणी धरून ठेवणारे पर्याय डॉक्टरांना विचारून घ्यावेत. अमलोडिपीनमुळे काहींना बद्धकोष्ठ होते आणि लोहाच्या गोळ्यांमुळे तर अनेकांना होते. त्यामुळे गोळी बदलली की प्रश्न सुटेल, असे कोणालाही वाटू शकते.

मुक्ताताई, मला मात्र तुमच्या पत्रातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. साठी ओलांडलेल्या पुरुषाचे हिमोग्लोबिन ९.८ का आले, याचे उत्तर अजून कोणी शोधलेले दिसत नाही. तरुण स्त्रीमध्ये मासिक पाळी हे लोह कमी होण्याचे नेहमीचे कारण असते. या वयाच्या पुरुषात लोहाची कमतरता आढळली, तर पचनमार्गातून कुठे हळूहळू रक्त जात आहे का, हे आधी पाहावे लागते. लोहाच्या गोळ्यांनी आकडा वाढतो. रक्त जाण्याची जागा तशीच राहते. त्यासाठी जठराची आणि मोठ्या आतड्याची, अशा दोन्ही दुर्बीण तपासण्या कराव्या लागतात.

तीन गोष्टी विचारतो. बद्धकोष्ठ आधी सुरू झाले की लोहाच्या गोळ्या? वजन कमी झाले आहे का? आणि गुडघ्यांसाठी ते वेदनाशामक गोळ्या घेतात का?

मुक्ता_क

मनापासून आभार. आईला विचारले. शौचाची तक्रार गोळ्यांच्या आधीपासूनच होती, हे तिने ठामपणे सांगितले. वजन केलेले नाही, पण त्यांचे सदरे ढगळ झाले आहेत. गुडघे फार दुखले की ते दुकानातून गोळी आणून घेतात. बाबांना ‘दुर्बीण’ हा शब्द ऐकूनच भीती वाटते आणि हे सगळे मूळव्याधीचेच आहे, असे ते म्हणतात.

शल्यविशारद

मग वाट पाहू नका. येत्या काही दिवसांतच पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल, लोहाची कमतरता, घटलेले वजन आणि शौचातून रक्त या चार गोष्टी एकत्र असताना मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना, याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते. याचा अर्थ त्यांना कर्करोगच आहे, असा मुळीच नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त जाते, आतड्यातील साध्या गाठींमधूनही जाते, आणि शेतात अनवाणी काम करणाऱ्यांमध्ये अंकुशकृमी हे लोह कमी होण्याचे जुने कारण आहे, म्हणून मलाची साधी तपासणीही करून घ्यावी. सोबत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी), थायरॉइड, साखर आणि कॅल्शियम तपासावे, कारण थायरॉइडचे काम मंदावल्यास बद्धकोष्ठ आणि थकवा दोन्ही येतात. वेदनाशामक गोळ्या तोपर्यंत बंद ठेवाव्यात.

मूळव्याध त्यांना असेलही. पण मूळव्याध आहे म्हणून वर आतड्यात दुसरे काही नाही, असे मानता येत नाही. मूळव्याधीच्या नावाखाली घरात महिनोन्महिने वाया गेलेले रुग्ण आमच्याकडे येतात आणि त्याचे फार वाईट वाटते, कारण आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकतो.

भीतीबद्दल बाबांना असे सांगा: मोठ्या आतड्याची तपासणी सहसा गुंगीचे औषध देऊन करतात आणि ती साधारण अर्ध्या तासात होते. लहान गाठ दिसली, तर बहुतेक वेळा ती त्याच वेळी काढता येते. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध भरपूर पाण्यातून घ्यावे लागते. बहुतेकांना तोच भाग अधिक नकोसा वाटतो. लोहाच्या गोळ्यांमुळे मल काळा व चिकट होऊन आतून नीट दिसत नाही, म्हणून त्या आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. गुंगीमुळे त्या दिवशी सोबत कोणीतरी घरचे हवेच.

वनमाला

एक राहून गेले. मधेच पातळ पाण्यासारखे शौच होऊ लागले, तर जुलाब थांबवण्याची गोळी देऊ नका. वृद्ध माणसांत मलाचा घट्ट गोळा खाली अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. सासूबाईंच्या बाबतीत हेच झाले होते; एनिमाने मोकळे झाले.

शल्यविशारद

अगदी बरोबर. पण पोट फुगून ताठ झाले, वारा सरणेही थांबले आणि उलट्या होऊ लागल्या, तर एनिमा, चूर्ण किंवा एरंडेल यांपैकी काहीही घरी देऊ नये. आतड्याला अडथळा असताना रेचक दिल्यास धोका वाढतो. तोंडाने काही न देता त्यांना तात्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे झाले किंवा रक्त जास्त जाऊन चक्कर आली, तरीही वेळ न घालवता न्यावे.

मुक्ता_क

दादाशी बोलले. तो बाबांबरोबर जाईल आणि तोपर्यंत चूर्णाऐवजी काय द्यायचे, हे आम्ही गावच्या डॉक्टरांना विचारून ठरवू. जुने रक्ताचे अहवाल आई शोधून ठेवत आहे.