भाचा नववीत शाळेत जायचाच बंद झालाय, पुण्यात अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे का?

धायरीकर_मामा
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. भाचा १५ वर्षांचा, नववीत आहे. दाजी गेल्यापासून ताई आणि तो आमच्याकडेच असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरगं शाळेत गेलंच नाहीये, म्हणजे घरातून रोज डबा घेऊन निघायचा, आम्हाला तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला तेव्हा कळलं की हा नऱ्ह्याला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन बसतो, ग्रिल आणि गेट बनवतात तिथे. परवा रात्री डोळे चोळत रडत होता, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय म्हणाला, वेल्डिंग चालू असताना काच न लावता बघत बसला होता म्हणून. ताई मारायला धावली, मी मध्ये पडलो.

शाळेत गेलो तर म्हणे दाखला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म भरा, दहावीला आमचा निकाल खाली येईल. अगदी याच शब्दात. मुलगा वाईट नाहीये हो, हात तर इतका चालतो की घरातला मिक्सर, पंखा सगळं तोच बघतो. परदेशात म्हणे अशा मुलांसाठी वेगळी हायस्कूल असतात, वर्गात मोजकीच मुलं, कामातून शिकवतात, प्रत्येकामागे एक सर असतो. पुण्यात असं काही आहे का? ताईचं एकच म्हणणं, दहावी तरी झाली पाहिजे.

रात्रशाळेतली_बाई
दादा, पहिली गोष्ट, दाखला अजिबात काढू नका. पुढचं ठिकाण पक्कं होईपर्यंत नाव तिथेच राहू द्या, एकदा दाखला हातात आला की मूल सगळ्यांच्याच यादीतून जातं. १७ नंबर म्हणजे परीक्षेला बसायची सोय, शिकवायची नाही. ज्याला घरी बसून स्वतः अभ्यास जमतो त्याच्यासाठी तो ठीक आहे, पण तुमच्या भाच्याचं दुखणं नेमकं तेच दिसतंय.

मी बरीच वर्षं रात्रशाळेत शिकवते. पुण्यात रात्रशाळांची परंपरा जुनी आहे, बाजीराव रोडचं पूना नाईट हायस्कूल तर बहुतेकांना माहीत असेल. आमच्याकडे हॉटेलात काम करणारी, सोसायटीत वॉचमन असणारी, लग्नानंतर परत शिकायला आलेल्या बायका, सगळे एका बाकावर. मी नळाजवळ साबणाची वडी कायम ठेवते कारण गॅरेजमधून थेट येणाऱ्या पोरांना काळ्या हातांनी वही उघडायची लाज वाटते आणि त्या लाजेपायी ती दारातूनच परत जातात, हे मला दोन मुलं गेल्यावर कळलं. कोणी दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी मी फोन करते, आणि का आला नाहीस असं विचारत नाही, जेवलास का विचारते. वेगळी शाळा म्हणजे मला तरी हेच वाटतं, पाटीवर काय लिहिलंय ते नंतर.

पण १५ वर्षांच्या मुलाला मी लगेच रात्रशाळा सुचवणार नाही, दिवसभर तो करणार काय? तोच वर्कशॉप आणि तेच उघडे डोळे. १८ च्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानेही बंदी आहे, त्या मालकाला नीट जाऊन सांगा.

एक करा. घरात कोणी नसताना, जवळ बसून, प्रेमाने त्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगा. मग इथे लिहा.

पाबळचा_माजी
मामा तुमचा भाचा म्हणजे मीच आहे असं वाटलं वाचताना. मी पण नववीतच बसलो होतो. मला गावातल्या एका सरांनी पाबळच्या विज्ञान आश्रमात नेऊन सोडलं, शिरूर तालुक्यात आहे, डॉ. कलबाग सरांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. शाळा सोडलेल्या मुलांसाठी वर्षभराचा निवासी कोर्स असतो, वर्कशॉप, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य, असं सगळं हाताने करायचं.

अपूर्णांक मला सातवीपासून कळले नव्हते. तिथे पहिल्याच आठवड्यात अँगल कापायला दिला आणि टेपवर सूत मोजायला शिकवलं, आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा. मी तीन सुताच्या जागी पाच सुतावर खूण केली आणि तुकडा वाया गेला. कोणी ओरडलं नाही, सर म्हणाले आता हे तीन अष्टमांश आणि पाच अष्टमांश वहीत लिही आणि फरक काढ. पाव इंच. तो तुकडा मी अजून ठेवलाय घरी. नंतर दहावी पण केली, गणितात ५८ पडले.

प्रवेशाचं वय, फी वगैरे फोन करून विचारा, पण आधी त्याला घेऊन नुसतं बघून या. न विचारता नेऊन टाकू नका, मला तसं टाकलं होतं, पहिला महिना मी रडलो.

कोथरूडची_आई
माझ्या मुलीसाठी आम्ही एनआयओएस घेतलं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, केंद्र सरकारचं बोर्ड. वय १४ पूर्ण हवं, पाच विषय लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक दोन-दोन विषय देता येतात, पास झालेला विषय जमा राहतो. मराठी माध्यमही आहे. दहावी म्हणून कॉलेजला चालते, तिची अकरावी आता नेहमीच्या कॉलेजात चालू आहे.

पण खरं सांगते, पहिले सहा महिने वाया गेले, दुपारी बारापर्यंत झोप आणि मग मोबाईल. तिच्यासारख्याच तीन मुलींबरोबर रोज सकाळी एका ताईंकडे बसायला लागली तेव्हा गाडी रुळावर आली. मूल घरात एकटं ठेवायचं असेल तर कुठलंच बोर्ड घेऊ नका.

वायरमन_हडपसर
माझं मत थोडं वेगळं आहे. दहावी दहावी करून पोराला दोन वर्षं पिळू नका. आठवी पास आहे ना? आयटीआयला वेल्डर, वायरमन असे ट्रेड दहावी न होता मिळतील का, औंधच्या आयटीआयला जाऊन चौकशी करा. हातात सर्टिफिकेट आलं की पोरगं ताठ चालतं, दहावी मागून करता येते, मी २६ व्या वर्षी केली.

धायरीकर_मामा
सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुम्ही सांगितलं तसं केलं. पुस्तक दिलं असतं तर पळाला असता म्हणून त्याच वर्कशॉपचं एक कोटेशन त्याच्या पुढ्यात ठेवलं. आकडे एका दमात वाचले, पण 'सरकता दरवाजा' ला 'सरकारी' म्हणाला आणि पुढचं अंदाजाने. बोट ठेवून एकेक अक्षर लावत होता. नववीपर्यंत आला आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग म्हणाला मराठीच्या तासाला उभं करून वाचायला लावतात म्हणून जात नाही. मला काही बोलताच येईना.

रात्रशाळेतली_बाई
मला हीच शंका होती. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्ड दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. वेळ लागतो, तारखा लांबच्या मिळतात, उद्याच सुरुवात करा. आणि ताईंना सांगा की तो आळशी नाहीये, इतकी वर्षं त्याने अंदाजावर काढलीत, किती दमला असेल तो.

धायरीकर_मामा
ताईला सांगितलं, बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती. शाळेला दाखला नकोय असं लेखी देऊन आलो, तपासणीची चौकशी ससूनला सोमवारी करतो. पाबळचं त्याला विचारलं तर आधी म्हणाला तिथे वाचायला लावतात का, मग म्हणाला वेल्डिंगला काच देतात का. बघायला यायला तयार आहे. गाडीवर जायचं तर शिक्रापूरवरून सोपं की राजगुरूनगरवरून?

पाबळचा_माजी
धायरीहून शिक्रापूरवरूनच या, वाघोलीत ट्रॅफिक लागतो म्हणून सकाळी लवकर निघा. सुट्टीच्या दिवशी नको, वर्कशॉप चालू असताना या. मला मेसेज करा, मी पण येतो तिकडे, त्याला तो तुकडा दाखवतो.