लोमा लिंडा विद्यापीठात एमपीएच : धर्मसंस्थेच्या विद्यापीठात शिकण्याचा अनुभव कसा असतो?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील दंतवैद्य असून बीडीएस झाल्यापासून तंबाखूमुळे होणाऱ्या मुखरोगांच्या तपासणी शिबिरांत काम करते. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे या विचाराने अमेरिकेतील काही विद्यापीठांत अर्ज केले होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचा व कारणांचा अभ्यास) या शाखेत एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीसाठी, प्रवेश मिळाला आहे. हे विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे आहे, हे अर्ज करताना माहीत होते. परंतु धर्मविषयाचे ठरावीक क्रेडिट, आठवड्याची चॅपलमधील (सामूहिक उपासनेतील) हजेरी आणि मद्य-तंबाखूपासून दूर राहण्याची लेखी हमी, हे सारे तपशील प्रवेशानंतर कागदपत्रे वाचताना समोर आले. तंबाखूचा प्रश्न माझ्या बाबतीत उद्भवत नाही. तथापि आईला धर्मांतराची काळजी वाटते, आणि ज्या श्रद्धेत आपण वाढलो नाही तिच्या उपासनेत नियमाने बसणे मला स्वतःला कितपत जमेल, याविषयी मी साशंक आहे. शिवाय असे विद्यापीठ आहाराविषयी संशोधन करते तेव्हा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो का, अशीही शंका येते. तेथे किंवा तशा संस्थेत शिकलेल्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

गणिती वैद्य

मी लोमा लिंडामधूनच एमपीएच केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम आईंच्या काळजीविषयी. माझ्या वर्गात मुसलमान, बौद्ध, शीख, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणारे विद्यार्थी होते. धर्म बदलण्याविषयी मला कोणी कधी विचारले नाही. तेथे श्रद्धा दिसते ती वेळापत्रकात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे पवित्र विश्रांतीचा दिवस, असतो आणि त्या काळात वर्ग, परीक्षा, कचेऱ्या, ग्रंथालय, व्यायामशाळा सारे बंद. शुक्रवारी दुपारपासूनच आवार रिकामे होऊ लागते. रुग्णालय अर्थातच चालू असते. विद्यापीठ सेमिस्टरवर नव्हे, तर क्वार्टरवर चालते. सुमारे दहा आठवड्यांत विषय संपतो आणि मध्यसत्र परीक्षा पाहता पाहता अंगावर येते. अशा गतीत आठवड्यातील एक अख्खा दिवस सक्तीने मोकळा मिळणे सुरुवातीला अडचणीचे वाटते, नंतर त्याची इतकी सवय होते की रविवारी सकाळी अभ्यासाला बसलेले लोक पाहून काही वाटेनासे होते.

बुधवारच्या चॅपलमध्ये गाणी, प्रार्थना आणि एक भाषण असते. भाषण कधी निव्वळ प्रवचन असते, तर कधी एखादा डॉक्टर आफ्रिकेतील मिशन रुग्णालयातील कामाविषयी बोलतो. गाताना उभे राहावे लागते. गावेच लागते असे नाही. धर्माचे विषय मात्र मन लावून निवडा. त्यांत ईश्वरविद्या, नीतिशास्त्र आणि मानवी नातेसंबंध अशा तीन दिशा आहेत. मी नीतिशास्त्राकडे गेलो. साथीच्या काळात विलगीकरणाची सक्ती कोणत्या मर्यादेपर्यंत न्याय्य ठरते, यावर तेथे झालेले वाद मला पुढे नोकरीत जितके उपयोगी पडले, तितके काही संख्याशास्त्राचे धडेही पडले नाहीत.

आता संशोधनाविषयी, कारण तुमची शंका रास्त आहे. ॲडव्हेंटिस्ट लोकांचा अभ्यास तेथे 1958 पासून चालू आहे. 1974 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील सुमारे 34 हजार लोक होते, आणि 2002 पासून अमेरिका व कॅनडातून सुमारे 96 हजार लोक ज्यात सामील झाले, त्याला ॲडव्हेंटिस्ट हेल्थ स्टडी-2 म्हणतात. त्याची पहिली प्रश्नावली पन्नास पानांची होती! वर्गात ती आमच्या हातात दिली आणि विचारले, यातले कोणते उत्तर लोक खोटे देतील? आमचा तो तास त्या एका प्रश्नातच संपला.

या अभ्यासाचे खरे बळ शाकाहारात नाही, तुलनेच्या रचनेत आहे. ॲडव्हेंटिस्ट बहुधा धूम्रपान करत नाहीत आणि मद्य घेत नाहीत. म्हणून त्यांची तुलना बाहेरच्या लोकांशी केली तर फरक आहाराचा की सिगारेटचा, हे सांगता येत नाही. परंतु त्यांच्यातच मांसाहारी, मासे खाणारे, दूध-अंडी घेणारे आणि पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणारे असे सर्व प्रकार मोठ्या संख्येने सापडतात. एकाच पंथातल्या लोकांची आपापसांत तुलना केली की तो गोंधळ पुष्कळ कमी होतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात शाकाहारी गटांचा एकत्रित मृत्युदर मांसाहारी गटापेक्षा सुमारे 12 टक्के कमी आढळला. पण तो फरक पुरुषांत ठळक आणि स्त्रियांत क्षीण होता, हेही त्याच लेखात मांडलेले आहे. निष्कर्ष आधीच ठरलेला असता, तर ही ओळ तेथे दिसली नसती. या अभ्यासाला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अनुदान मिळाले आहे. तरीही आहाराविषयी ठाम मत असलेल्या पंथाच्या विद्यापीठात हे संशोधन होते, याचे भान वाचकाने ठेवावे, आणि वर्गात तसे बोललेलेही चालते. महाराष्ट्रात असा अभ्यास करायचा झाल्यास आहार आणि जात एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की ती वेगळी कशी काढावीत, यावर मी एक टिपण लिहिले होते आणि प्राध्यापकांनी त्यावर मला चांगलेच पिळून काढले.

सॅलिसबरी पार्क

मी पुण्याचा, घरातून ॲडव्हेंटिस्ट. शिक्षण औंधजवळच्या स्पायसर या आमच्या पंथाच्या संस्थेत झाले. औंधला राहिलेल्यांना तिथला गव्हाचा ब्रेड आठवत असेल. लोमा लिंडाला माझी चुलत बहीण परिचर्येत पदव्युत्तर शिक्षणासाठी होती आणि मी तिच्याकडे राहून आलो आहे.

वर दिलेली माहिती बरोबर आहे. एवढीच भर घालतो की शब्बाथ म्हणजे केवळ बंद दारे नव्हेत. शुक्रवारी संध्याकाळी लोक एकमेकांकडे जेवायला जातात, शनिवारी उपासनेनंतर पुन्हा सहभोजन होते, आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला कोणी ना कोणी आग्रहाने बोलावतेच. कृष्णाकाठची ताई, अशा बोलावण्याला हो म्हटल्याने तुम्ही कशात अडकत नाही, आणि नम्रपणे नाही म्हटल्यास कोणाला राग येत नाही. आमच्यात बाप्तिस्मा, म्हणजे पंथात घेण्याचा विधी, जाणत्या वयात, शिकवण समजून घेतल्यावर आणि स्वतः मागितल्यावर होतो. घरात जन्मलेल्या मुलालाही तो आपोआप मिळत नाही. आईंना हे सांगितले तर त्यांचा जीव बहुधा भांड्यात पडेल.

सर्व ॲडव्हेंटिस्ट शाकाहारी असतात हा मात्र गैरसमज आहे. माझ्या घरी रविवारी मटण असते. विद्यापीठाच्या आणि रुग्णालयाच्या उपाहारगृहात मात्र मांस मिळत नाही. तेथे सोयाबीन व गव्हाच्या प्रथिनांपासून केलेले पदार्थ असतात, आणि ते पहिल्या घासाला आवडतीलच याची हमी मी देत नाही.

विदर्भी दाढ

तुम्ही दंतवैद्य आहात म्हणून लिहिते. मी नागपूरहून बीडीएस करून त्याच विद्यापीठातील परदेशी दंतवैद्यांसाठीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, ज्याच्या शेवटी डीडीएस ही अमेरिकेतील दंतवैद्यकाची पदवी मिळते. तुमचा रस्ता वेगळा आहे; एमपीएचने अमेरिकेत दातांवर काम करण्याचा परवाना मिळत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण अनेकजण एमपीएच ही त्याची पहिली पायरी समजून पैसे खर्च करतात.

धर्माविषयी एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे रुग्णाचा इतिहास घेताना औषधे, ॲलर्जी, मधुमेह यांच्याबरोबर आजारपणात आधार कशाचा वाटतो, हेही विचारायला शिकवतात. एकदा दाढ काढण्यापूर्वी एका वृद्ध मेक्सिकन बाईंनी माझा हात धरला आणि माझ्यासाठी प्रार्थना कराल का, असे स्पॅनिशमध्ये विचारले. मी पर्यवेक्षकांकडे पाहिले. त्यांनी मला नजरेनेच थांबवले, स्वतः खुर्चीजवळ येऊन दोन वाक्यांची प्रार्थना केली, आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाले की, तुमच्या मनात नसेल तर शब्द उच्चारू नका, पण रुग्णाचा हात सोडू नका. मला हे वागणे आवडले. प्रत्येक पर्यवेक्षक असेच वागेल असे मी म्हणणार नाही. पण तेथे असे प्रसंग येतात आणि त्यांची तयारी असलेली बरी.

अटलांटिकपार

मी लोमा लिंडाला शिकलेलो नाही. माझे शिक्षण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका कॅथलिक विद्यापीठात, परिचर्या शाखेत झाले. तुलनेसाठी लिहितो, कारण धर्मसंस्थेचे विद्यापीठ म्हटले की सगळी एकाच माळेचे मणी, असे आपल्याकडे समजले जाते.

आमच्या प्रात्यक्षिकासाठी नेमलेले रुग्णालय कॅथलिक बिशपांच्या नैतिक निर्देशांनुसार चालत असे. त्यामुळे गर्भनिरोधनासाठी नसबंदी तेथे होत नसे, आणि प्रसूतीनंतर ती मागणाऱ्या स्त्रीला दुसरीकडे जावे लागे. कुटुंबनियोजनाचा भाग मी पुस्तकात वाचला आणि परीक्षेत लिहिला, प्रत्यक्ष पाहिला नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या माणसाला हे किती विचित्र वाटले असेल याची कल्पना करा. ॲडव्हेंटिस्ट पंथाचा गर्भनिरोधकांना असा सरसकट विरोध नाही, त्यामुळे तुम्हाला ही अडचण येणार नाही. पण कोणत्याही पंथाच्या संस्थेत जाताना चॅपलची चौकशी नंतर करावी आणि प्रात्यक्षिक कोठे होते व तेथे काय केले जात नाही, हे आधी विचारावे. विवाह आणि लैंगिक वर्तनाविषयीचे नियम विद्यार्थी पुस्तिकेत असतात. तेही स्वाक्षरीपूर्वी वाचावेत. ज्यांना ते मान्य नाहीत, त्यांनी तेथे जाऊन दोन वर्षे मन मारून राहण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आईला बाप्तिस्म्याविषयीचा परिच्छेद वाचून दाखवला. तिचा पुढचा प्रश्न भाजीवर होता, त्यामुळे ती काळजी मिटली असे समजते. आता दोन प्रश्न उरतात. एमपीएचच्या प्रात्यक्षिकासाठी तेथे कोणत्या प्रकारची कामे मिळतात? आणि शिक्षणानंतर नोकरीसाठी मुदत किती?

गणिती वैद्य

प्रात्यक्षिकासाठी लांब जायची गरज नाही. 'ब्लू झोन', म्हणजे जेथे लोक फार दीर्घकाळ जगतात असे मानले जाते अशा प्रदेशांपैकी एक म्हणून लोमा लिंडाचे जगभर कौतुक होते, आणि तेथून काही किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनो शहर आहे, जेथे गरिबी, दमा आणि मधुमेह ठाण मांडून बसले आहेत. गोदामे, ट्रक आणि रेल्वेचे मोठे यार्ड यांच्या धुरात राहणाऱ्या मुलांच्या श्वसनविकारांवर विद्यापीठातील संशोधकांनी काम केले आहे. तुमच्या तपासणी शिबिरांचा अनुभव अशा वस्तीतील कामाला थेट लागू पडेल. तेथे जायला बस आहे, पण ज्यांना गाडी चालवता येते त्यांची कामे लवकर होतात, म्हणून सांगलीतच सराव करून या.

मुदतीविषयी : एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर बारा महिने काम करता येते, आणि अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडत असेल तर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. एपिडेमिऑलॉजीचे सर्वच अभ्यासक्रम त्या गटात धरले जातात असे समजू नका. विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-20 या कागदावर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, छापलेला असतो. तो अमेरिकी सरकारच्या यादीत आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासा आणि शंका असल्यास परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फक्त शुक्रवारी दुपारी पाठवू नका. उत्तर सोमवारीच येईल.