शेड्यूल म्हणजे टाइमटेबल ना? मग गोळ्यांच्या पाकिटावर काय करतंय ते?

रामबागवाला: काल दवा बाजारातून बाबांची अँटिबायोटिक आणली, मागे लाल चौकटीत छापलंय ‘शेड्यूल एच वन’, तर बाबा म्हणे बघ किती वाजता घ्यायची ते त्यात असेल 😄 आपण तर गणपतीच्या प्रोग्रामचं शेड्यूल, ऑफिसचं शेड्यूल एवढंच म्हणतो. बँक पण शेड्यूल्ड असते म्हणे. नक्की भानगड काय?

कोर्टातली काकू: वेळेचा काही संबंध नाही हो. कायद्याच्या शेवटी जी यादी किंवा तक्ता जोडतात ना, ते शेड्यूल, आपली अनुसूची. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्याला दुसरी अनुसूची आहे, तिच्यात नाव आलं की बँक शेड्यूल्ड. अनुसूचित जाती-जमाती पण तसंच. आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत आपली मराठी पहिल्यापासून आहे, तेव्हा 14 भाषा होत्या, आता 22.

गोळीवाला: एच वन म्हणजे औषधांच्या नियमांना जोडलेली तशीच एक यादी, 2014 पासून लागू झाली. त्या यादीतलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, वर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर 3 वर्षं सांभाळायचं. गिऱ्हाईक मात्र आमच्यावरच डाफरतं, ‘भिया, दोन गोळ्या तर पाहिजेत!’ किती वाजता घ्यायची ते चिठ्ठीवर असतं, बाबांना सांगा.

जुनी_पुस्तकं: मूळ लॅटिन ‘स्केडुला’, म्हणजे कागदाचा चिटोरा. मोठ्या दस्ताला जोडलेली चिठ्ठी ती शेड्यूल, म्हणून काकूंचा अर्थच जुना. टाइमटेबलवाला अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेगाड्यांच्या तक्त्यांमुळे आला, आणि तोच इतका चालला की जुना आता वकील नि केमिस्टांपुरता उरला.

रामबागवाला: भारी! पण आमचा भाचा न्यू जर्सीहून येतो तो ‘स्केजूल’ म्हणतो आणि सगळ्यांना सुधारत बसतो, डोकं खाऊन राहिलाय.

जुनी_पुस्तकं: त्याचंही चूक नाही. पूर्वी इंग्रजीत हा शब्द ‘स’नेच म्हणायचे, स्पेलिंगही तसंच होतं. मग पंडितांनी लॅटिन-ग्रीक बघून ‘एससीएच’ घुसवलं, ब्रिटिशांचा झाला ‘श’, आणि अमेरिकेत डिक्शनरीवाल्या वेब्स्टरने ग्रीकच्या आधाराने ‘स्क’ धरला. आपल्याकडे इंग्रज आले म्हणून शेड्यूल. भाच्याला म्हणावं, खरं जुनं बोलायचं तर ‘सेड्यूल’ म्हण.

कोर्टातली काकू: आमचे शिरस्तेदार तसंच म्हणतात 😂