मदत हवी आहे : सांगली-मिरज-सातारा भागात रोलप्लेइंग गेम खेळणारे कुठे कुठे राहता?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि बोलत, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. त्यातला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, पण आपल्याकडे तो समोरासमोर बसून खेळणारं माणूस पटकन सापडत नाही. ऑनलाइन खेळून बघितलं. नेट अडकलं की रंगात आलेला प्रसंग तिथेच पडतो, आणि वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडत थांबेपर्यंत सगळ्यांचा श्वास रोखला जातो, ती मजा स्क्रीनवर नाहीच.

म्हणून विचारतोय, तुम्ही कुठे राहता? फक्त भाग सांगा, घरचा पत्ता इथे टाकू नका. सांगली, मिरज, कुपवाडची चार-पाच जणं जमली तरी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, सुरू होईल. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी होतो. फासे माझ्याकडे आहेत, मूळ नियम नेटवर फुकट मिळतात.

साताऱ्याच्या लोकांचं कसं जमवायचं, हे मात्र सुचवा. रेल्वे आहे, पण सातारा स्टेशन पडतं माहुलीला, शहरापासून लांब. मधे कराडला भेटलो तर? तिथे तीन-चार तास निवांत बसू देणारी जागा कुणाला माहीत आहे का?

खेळ मराठीतूनच चालवायचा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे नाटक उभं केलं, त्या सांगलीत पात्रं मराठीच बोलली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. नवख्यांनीही जरूर कळवा, शिकवायची जबाबदारी माझी.