उंची १५०, वजन ४४ किलो : स्की १४२ च्या घेऊ की १५६ च्या?

राजवाडा_ते_गुलमर्ग

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

मी इंदूरची, वय ३७. उंची १५० सेंटीमीटर, वजन ४४ किलो. २०१९ मध्ये औलीला सात दिवसांचा कोर्स केला. पुढे २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, तिथला रोपवे बंद झाला, तेव्हापासून गुलमर्गला जाते. वर्षातून एकदा, आठ दिवस. कटऱ्यापासून श्रीनगरपर्यंत रेल्वे झाल्यापासून मालवा एक्सप्रेसने कटरा आणि तिथून पुढची गाडी असा बेत जमतो, त्यामुळे जाणं सुटेल असं वाटत नाही.

आता माझं कसं चालतं ते सांगते. कोंगडूरीहून (गुलमर्गच्या रोपवेचा पहिला टप्पा) खाली गुलमर्गपर्यंत येते, मध्ये दोन-तीनदा थांबून. पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) उजवीकडे छान बसतो. डावीकडे वळताना मात्र उजव्या स्कीची शेपटी डाव्या स्कीवर चढते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज आता माझ्या डोक्यातच बसलाय, टर्न सुरू करायच्या आधीच मी त्याची वाट बघते. सकाळी बर्फ कडक असला की स्की धरतच नाहीत, आडव्या घसरत जातात. तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं.

भाड्याच्या स्की दरवर्षी १६० च्या मिळतात. यंदा लहान मागितल्या तर दुकानातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, इससे छोटी तो बच्चों की है.’ माझ्याच बॅचमधला एक मुलगा पावणेसहा फुटांचा, त्यालाही १६५ दिल्या होत्या.

माझा भाऊ म्युनिकला असतो. मार्चअखेर तिकडे सीझन संपताना सेल लागतो आणि एप्रिलमध्ये तो घरी येणार आहे. त्याच्याकडे वहिनीच्या जुन्या स्की आहेत : १५६ लांब, मध्ये ७८ मिलिमीटर रुंद. वहिनी १६८ उंच, ६३ किलो आणि तिकडेच वाढलेली, भरधाव जाते. त्या फुकट मिळतील. नाहीतर एका दुकानात बायकांसाठीच्या १४२ च्या नव्या आहेत, मध्ये ७४. तिसरा पर्याय मुलांच्या १४० च्या, सगळ्यात स्वस्त.

काल बैठकीतल्या दाराजवळ, जिथे लेकीच्या उंचीच्या खुणा आहेत तिथेच, भिंतीवर पेन्सिलीने १४०, १४२ आणि १५६ च्या रेघा मारल्या आणि पाठ लावून उभी राहिले. १५६ ची रेघ डोक्याच्या वर चार बोटं जाते. १४२ ची भुवयांच्या आसपास येते. बघून १४२ च बरी वाटते, पण भाऊ म्हणतो, ‘सहा महिन्यांत सवय होईल, फुकटच्या सोडू नकोस.’ काय करू?

---

सयाजीबाग

ताई, मी बडोद्याचा, गुलमर्गला सात-आठ वेळा जाऊन आलोय. मी वहिनींच्या घ्या म्हणेन. स्की हनुवटी ते नाक एवढी उंच असावी हा हिशेब नवशिक्यांसाठी असतो. तुम्ही पॅरलल करताय, म्हणजे हळूहळू लांब स्कीकडे जायलाच हवं. लांब स्की वेगात हलत नाही, डळमळत नाही. शिवाय आजकालच्या स्कींना पुढे रॉकर असतो, टोक वर उचललेलं असतं, त्यामुळे १५६ प्रत्यक्षात तेवढी लांब लागत नाही. आणि पुढेमागे अफरवाटला, कोंगडूरीच्या वरच्या डोंगरावर, जायचं असेल तर ७४ काय, ७८ सुद्धा अरुंद पडेल. तिथल्या पावडरमध्ये (ताज्या, भुसभुशीत बर्फात) ९५-१०० लागतेच, नाहीतर रुतता. माझ्या १७६ च्या आहेत, मध्ये १००, मस्त तरंगतात.

---

पोहे_जिरावन

स्कीचं मला फारसं कळत नाही, पण बूट कोणते घालता ते लिहिलं नाहीत. बायको दोन वर्षं स्कीला दोष देत होती, निघाले बूट. एक नंबर मोठे होते.

---

बर्फाची_कड

राजवाडा ताई, तुमचं वाचताना वाटलं, माझीच गोष्ट कुणी लिहिली आहे. मी मूळची इंदूरच्या टिळकनगरची, आता ५३ वर्षांची, उंची १५२, वजन ४७. चाळिशीत शिकले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१५६ घेऊ नका, फुकट असल्या तरी. लांबी हे एक कारण झालं, पण खरं कारण त्या कुणासाठी बनल्यात हे आहे. स्की वळते कशी? ती टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये अरुंद असते. कडेवर उभी केली आणि वरून वजन पडलं की ती मधून वाकते, धनुष्यासारखी होते, आणि त्या कमानीवरून आपण वळतो. वाकलीच नाही तर ती सरळ फळी राहते आणि सरळ फळी आडवी घसरते. सकाळच्या कडक बर्फावर तुमचं जे होतं ते बरंचसं हेच. ६३ किलोची, वेगात जाणारी बाई जी स्की सहज वाकवते ती ४४ किलोला वाकणार नाही. तुम्ही चुकताय असं नाही, तिथे वजनच पुरत नाही. उंचीवरून लांबी सांगतात ते उंचीप्रमाणे वजनही असेल असं गृहीत धरून. आपल्यासारख्यांनी आधी वजन बघावं, मग उंची.

सयाजीबाग, रॉकरचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुढे रॉकर असेल तर पाचेक सेंटीमीटर लांब चालते. इथे फरक चौदा सेंटीमीटरचा आहे. पावडरचा मात्र हिशेब करून बघा. तुम्ही ७० किलोचे आहात असं धरू. १७५ लांब, मध्ये १० सेंटीमीटर रुंद, अशा दोन स्की म्हणजे ढोबळ ३५०० चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला २० ग्रॅम भार. ४४ किलोची बाई १४५ लांब आणि मध्ये ८.४ रुंद स्कीवर उभी राहिली तर १८ ग्रॅम. म्हणजे ८४ च्या स्कीवर ती तुमच्या १०० पेक्षा जास्त तरंगेल. हलक्या माणसाला रुंदी लागते ती इतरांपेक्षा कमी. उलट रुंद स्की दाबलेल्या बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला जोर लागतो, आणि छोट्या पायाखाली रुंद स्की असली की तो सगळा जोर गुडघ्यातून येतो. ताई दिवस घालवतात कोंगडूरीच्या खाली. त्यांना ७४ योग्य. कधी जास्त ताजा बर्फ हवासा वाटला तर ८०-८४ पर्यंत, त्यापुढे नको. अफरवाटला, त्या ३,९०० मीटरच्या वर, गाईडशिवाय जायचं नाही. तिथे प्रश्न स्कीचा नसून हिमस्खलनाचा आहे.

तर १४२. भावाला सांगा, दुकानात स्कीवर छापलेले आकडे वाचून दाखव. १२०-७४-१०२ अशा धर्तीचे तीन आकडे असतात : टोक, मध्य, शेपटी. शेजारी ‘आर’ लिहून त्रिज्या असते मीटरमध्ये. ११ ते १३ च्या आत असेल तर ती छोटे, गोल टर्न आपणहून घेईल. मग एक हात टोकावर, शेपटी जमिनीवर आणि दुसऱ्या हाताने मध्ये दाबून बघायला सांगा. त्याला जी सहज वाकते तीच तुमची. ‘बायकांसाठी’ हा शब्द एकट्याने पुरेसा नाही. चांगल्या कंपन्या गाभा हलका करतात, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) थोडं पुढे बसवतात. काही ठिकाणी नुसता रंग बदललेला असतो.

मुलांच्या १४० चा विचार मी सोडून देईन. बारा वर्षांच्या मुलासाठी त्या उत्तम, पण तुम्ही जसजसा वेग घ्याल तसं त्यांचं टोक फडफडायला लागेल, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पैसे.

पोहे_जिरावन म्हणाले ते सगळ्यात मोलाचं. ताई, पाय मोजा. भिंतीला टाच टेकवून उभ्या राहा, दोन्ही पायांवर वजन, आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. २२.३ आलं तर २२.५ चा बूट. हा आकडा सेंटीमीटरचाच असतो, चपलेच्या नंबराशी त्याचा संबंध नाही. मग आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दीड बोट जागा राहायला हवी. तीन बोटं राहिली तर बूट मोठा. मोजा एकच, पातळ आणि लांब. आपल्याकडे थंडीला भिऊन दोन-दोन लोकरी मोजे घालतात, त्याने पाय आत सरकतो, रक्त अडतं आणि बोटं उलट गार पडतात. बुटाचा कडकपणा (त्याचा ‘फ्लेक्स’ आकडा) ६० ते ८० च्या आत. बूट तुम्ही इंदूरला खोलीत घालून बघाल तर मऊ लागेल, पण गुलमर्गच्या थंडीत तेच प्लास्टिक खूप कडक होतं. नडगी पुढे दाबली की घोटा थोडा तरी वाकला पाहिजे. नाही वाकला तर माणूस मागे बसतो, आणि मांड्या भरून येतात त्या तिथेच. शेपटी चढण्याचंही हेच कारण असतं बऱ्याचदा.

वर्षातून आठच दिवस जाता, तेव्हा माझ्या हातात पैसे एकाच वस्तूचे असते तर मी बूट घेतले असते. पण बूट पायात घातल्याशिवाय घ्यायचे नाहीत, भावाला आणायला सांगायचे नाहीत.

आता बाइंडिंग. हे वाचून लगेच विसरू नका. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून भाड्याच्या स्की घेतल्या. पुढच्या आणि मागच्या बाइंडिंगवर छोट्या खिडकीत आकडा दिसतो, किती जोर आला की बूट सुटायचा त्याचा. माझ्या आधी त्या कुणी जड माणसाने वापरल्या होत्या. आकडा ७ वर होता, मला निम्म्याच्या आसपास हवा होता. दुकानात कुणी वजन विचारलं नाही आणि मीही खिडकीत बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी अगदी हळू, जवळजवळ उभ्या उभ्या पडले. वेगात पडले असते तर सुटलं असतं कदाचित. स्की अडकली, मी वळले, पाय वळला नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला. सहा आठवडे पट्टा. स्वयंपाकघरात स्टूल ठेवून पोळ्या केल्या.

आकडा ठरवायचा तक्ता असतो. वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी. ही लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. तुमचं वजन ४२ ते ४८ च्या ओळीत येतं, उंची १४९ ते १५७ च्या. दोन ओळी वेगळ्या आल्या की हलकी धरायची. पन्नाशी ओलांडली की आणखी एक ओळ वर, तशी मी आता धरते. आकडा तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या, पण खिडकीत स्वतः डोकावा. विकत घेताना बाइंडिंगचा पल्लाही बघा. ३ ते १० च्या बाइंडिंगवर तुम्ही अगदी तळाशी याल, त्यापेक्षा २ पासून सुरू होणारं मिळालं तर उत्तम.

---

राजवाडा_ते_गुलमर्ग

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गुडघ्याचं वाचून पोटात कालवलं.

पाय मोजला. डावा २२.१, उजवा २२.४. दरवर्षी मला २४.५ चे बूट मिळत होते! चपलेचा नंबर सांगायचे आणि वर दोन मोजे. बूट घट्ट व्हावा म्हणून वरचं बक्कल शेवटच्या खाचेत ओढायचे, तरी टाच उचलली जायची. आता सगळं डोळ्यांपुढे येतंय.

भावाला १४२ च्या कळवल्या. त्रिज्या ११.८ आहे म्हणाला, आणि बाइंडिंग २ ते ९. वहिनींच्या स्की तिथेच राहू देत. बूट जानेवारीत गुलमर्गला पोचल्यावर दोन दुकानांत कवच तपासून घेईन, तोवर थांबते.

दोन शंका. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत स्की इंदूरला राहतील, मध्ये पावसाळा. काही होतं का? आणि भाऊ विचारतोय, पोल (हातातल्या काठ्या) किती लांब आणू?

---

बर्फाची_कड

२४.५! ताई, अशा बुटात तुम्ही उजवीकडचा टर्न शिकलात हीच मोठी गोष्ट आहे. चांगल्या बुटात डावीकडचा येईलच.

पावसाळ्यात कडांना गंज चढतो, तळ कोरडा पडतो. कडा कोरड्या पुसून तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या, तो न खरवडता तसाच ठेवा, गुलमर्गला गेल्यावर काढा. स्कीच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमटपणा साठतो. कपाटामागे उभ्या, मोकळ्या. गच्चीवरच्या खोलीत नको, मे महिन्यात तिथे फार तापतं.

पोल १०५. भावाला म्हणावं, खात्रीसाठी घरी आल्यावर पोल उलटा, त्याचा दांडा धरायचा भाग जमिनीवर टेकवून दे, तुम्ही चकतीच्या लगेच खाली हाताने पकडा, आणि कोपर काटकोनात आलं पाहिजे. बूट नसताना हात कोपरापेक्षा किंचित वर राहिला तर चालेल, बूट तुम्हाला तीन-चार सेंटीमीटर उंच करतात.